भांडणाची पाळी

पवनारचा डोमाजी रोज सकाळी लकवा झालेल्या माणसाच्या दारात उभा राहून त्याच्याशी भांडत असे. मी समोरच राहत होतो, त्यामुळे हे ऐकीव नाही.

तो माणूस म्हणजे सोनबाजी. दोघांच्या वांग्यांच्या वाड्या लागून, आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुनं वाकडं. पहिली निवडणूक होऊन गेली त्या उन्हाळ्यात लकव्यानं सोनबाजीचा उजवा हात, पाय आणि बोलणं नेलं. घरच्यांनी त्याला ओसरीत बाजेवर निजवलं. येणारे त्याच्यासमोरच म्हणत, "आता देवानं सोडवावं."

डोमाजीनं ते ऐकलं आणि तो भडकला. "काऊन? मेला का तो? आयकून राह्यला ना सारं!" मग बाजेकडे वळून, "सोन्या, तुया धुऱ्यावरची बाभूळ तोडून राह्यलो मी आज!"

मुलाचं नाव उच्चारता न येणाऱ्या सोनबाजीच्या तोंडून एक स्वच्छ, सणसणीत शिवी बाहेर पडली.

सून शरमली. डोमाजी म्हणाला, "पाहा! वाचा हाय आत. काढा तिले बाहेर!"

त्याच संध्याकाळी त्यानं पारावर माणसं जमवून सोनबाजीला चिडवायच्या पाळ्या लावल्या. न्हाव्यानं अर्धीच दाढी करून उठावं. तेल्यानं सोनबाजीच्या बैलांना नावं ठेवावीत. भजनवाल्यांनी ओसरीत बसून मुद्दाम चुकीचं म्हणावं. 'बिचारा' म्हणणाऱ्याला डोमाजी दारातूनच परतवी. "रडाचं असन तं आपल्या घरी रड!"

पाटील समजवायला आले. "डोमा, आजाऱ्याले आराम लागते."

"मत मागाले आलते तवा बोलत होते ना त्याच्याशी? आता कोनी बोलाचं नाई म्हंता. तुमीच निजा त्या बाजेवर, पाहा कसा आराम वाटते!"

शिव्यांमागून शब्द आले. चिडून चिडून सोनबाजी काठीला टेकून उभाही राहू लागला.

डोमाजी एकटा होता. गावात त्याच्याशी भांडायला पुष्कळ होते; त्याला बसायला कुणी सांगत नसे.

एका सकाळी तो दारात येऊन बैलांवर घसरला. सोनबाजी चिडला नाही. डाव्या हातानं त्यानं बाजेवरची जागा थोपटली आणि शब्द एकेक जमवत म्हणाला, "डोमा... आज भांडू नोको. चाय... पेऊन जाय."

डोमाजी बाजेच्या काठावर टेकला आणि आत पाहून ओरडला, "सूनबाई, साखर जास्त टाकजो! या मानसाच्या घरी..."

वाक्य त्याला पुरं करता आलं नाही.