अभीच उडाला

आमच्या शेजारच्या वानखेडेकाकांच्या फोनमध्ये पक्ष्यांचे ढीगभर फोटो आहेत, फक्त त्यांत पक्षी नाहीत. फांदी असते, विजेची तार असते, तापीतला खडक असतो. काका प्रत्येक फोटो अभिमानानं दाखवतात आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणतात, "खंड्या. अभीच उडाला."

कागद मिलमधून निवृत्त झाल्यावर काकांनी एका डोळ्यानं बघायची भलीमोठी दुर्बीण घेतली. तापीच्या राजघाटावर ती स्टँडवर चढवायची, डोळा लावायच्या जागी फोन बसवायचा आणि पलीकडच्या जैनाबादच्या काठावरचे पक्षी टिपायचे. फोन बसवायला त्यांनी नळाच्या पाइपाचा तुकडा आणि सायकलची ट्यूब वापरून एक जुगाड केलंय. ते बसेपर्यंत बगळासुद्धा कंटाळतो, आणि बगळा काही घाईचा प्राणी नव्हे. बाजारात तयार होल्डर मिळतो, असं मी एकदा सुचवलं. काकांनी ते ऐकलंच नाही.

चहाला आलेल्या पाहुण्याची सुटका नसते. खंड्या कसा बसला होता, हे काका स्वतः मान वाकडी करून दाखवतात. गंमत म्हणजे दहा-बारा फोटोंनंतर मलाही तो दिसायला लागतो. पण हे फोटो ते पुसत का नाहीत, हे कोडं मला सुटत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "पुसू कसा? होता ना तिथं."

तरी एकदा तरी खंड्या फोटोत सापडावा, ही त्यांची हौस होतीच. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तो योग आला. मीही सोबत होतो. पलीकडच्या बाभळीवर खंड्या येऊन बसला, जुगाड बसलं, तरी तो हलेना. काकांनी श्वास रोखून बटण दाबलं. फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही.

दोन-चार फांद्या पटकन पुसा, असं मी म्हटल्यावर त्यांनी फोनच माझ्या हातात दिला. "तू कर, बेटा. माझ्यानं नाही होणार."

मी सगळ्यात जुना फोटो उघडला. त्यात फांदी नव्हती. प्लॅस्टिकच्या खुर्चीची पाठ आणि तिच्यावर अडकवलेली हिरवी शाल, एवढंच. हा पुसू का, असं विचारताच काकांनी माझा हात धरला.

"ती राहू दे. तुझी काकू आहे."

दुर्बीण घरी आली, त्या दिवशी पहिला फोटो काकूंचाच काढायचं ठरलं होतं. गच्चीच्या एका टोकाला काकू, दुसऱ्या टोकाला दुर्बीण. काका जुगाड बसवत राहिले आणि काकू दूध उतू जाईल म्हणून खाली गेल्या. उद्या काढू, म्हणाल्या. पण त्याच रात्री त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि त्या परत आल्याच नाहीत.

"शाल बघ ना," काका म्हणाले. "अभीच उठली."

मी एकही फोटो पुसला नाही. माझाच फोन दुर्बिणीला लावायला गेलो, तर तो जुगाडात बसेना. शेवटी फोन बसला तेव्हा फांदी नुसती हलत होती. मी तिचाच फोटो काढला.

घरी बायकोनं तो पाहिला आणि ही वाळकी फांदी कशाला काढलीस, असं विचारलं. ती खिडकीपाशी मेथी निवडत बसली होती.

"सांगतो," मी फोन वर धरत म्हणालो. "आधी तू जरा उठू नकोस."