मरून रेक्झिनमधला कॉम्प्युटर

ज्या घरात एखादी वस्तू माणसांपेक्षा शहाणी निघते, त्या घरात माणसांनी जपून बोलावं, हे रीतीला धरूनच आहे. सिंधूताईंची तक्रार एवढीच होती, की ही रीत त्यांच्या गिरिधरने फक्त आईपुरती लागू केली. गाडीचा कॉम्प्युटर मुंबईहून दुरुस्त होऊन आला त्या दिवसापासून तो आईशी कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या बाईशी वागावं तसं वागत होता. आधी ऐकायचं नाही, आणि ऐकलंच तर "पाहतो" म्हणायचं.

गिरिधर सरकारी कचेरीत हेडक्लार्क. कचेरीत कॉम्प्युटर येणार अशी कुणकुण लागल्यापासून रोज जेवणाच्या सुट्टीत तो फाटकाशी उभा राहून कॉम्प्युटरविरुद्ध घोषणा द्यायचा (आवाज दणदणीत, म्हणून सुरुवात त्याचीच), आणि संध्याकाळी घरी येऊन गाडीतला कॉम्प्युटर मऊ फडक्याने पुसायचा. यात विसंगती शोधणाऱ्याला बढती मिळत नाही.

गाडी परदेशी होती. कुवेतहून परतलेल्या साडूने ती नागपुरात आणली आणि पहिला उन्हाळा लागताच गिरिधरच्या गळ्यात घातली, यावरून साडूची हुशारी कळावी. तिच्या पुढच्या सीटखाली पोळ्यांच्या डब्याएवढा कॉम्प्युटर होता. इंजिनाला केव्हा किती पेट्रोल पाजायचं ते तो ठरवायचा. मे महिन्यात त्याने ठरवणं सोडून दिलं. (मे महिन्यात नागपुरात कोणीच काही ठरवत नाही, पण त्यासाठी कोणाला मुंबईला पाठवत नाहीत.)

तो परतला तो गॅरंटीसकट. मग सुमतीने, म्हणजे सूनबाईंनी, घराण्याच्या शिस्तीप्रमाणे त्याला कव्हर शिवलं. त्या घरात रेडिओला कव्हर होतं, टीव्हीला होतं, मिक्सरला होतं, हिवाळ्यात पंख्यालाही होतं. "या घरात उघडी मी एकलीच," असं सिंधूताई म्हणायच्या. कॉम्प्युटरचं कव्हर मरून रेक्झिनचं, आतून फोमचं, कडेला पांढरी पायपिंग. वायरी जातील एवढंच भोक ठेवलं होतं. वर्षभर बाहेरगावी राहून आलेल्याला धूळ लागू नये, म्हणून गिरिधरने तो कव्हरासकट सीटखाली बसवला आणि हात जोडले. (ज्यांच्या घरी रेडिओला कव्हर नाही त्यांनी इथे खुशाल हसावं.)

गाडी सुरू झाली. थोडी चालली की ठसकायची, काळा धूर सोडायची आणि चौकात मधोमध गप्प व्हायची. थंड झाली की पुन्हा सुरू. तेव्हा चौकशी समिती नेमणं भाग होतं. अध्यक्ष गिरिधर. सभासद दोन: धंतोलीत दातांचा दवाखाना चालवणारे मधुसूदनराव आणि देवराव मिस्त्री. समितीने पहिल्याच बैठकीत ठरवलं, की कॉम्प्युटर गॅरंटीत असल्यामुळे त्याच्यावर संशय घेता येणार नाही. उरलेल्या गाडीवर घ्यावा. समितीच्या अंदाजानुसार गाडीतले शंभरातले नव्वद दोष पेट्रोलमध्ये असतात आणि दहा आधीच्या मालकात.

मग रोज संध्याकाळी अंगणात चौकशी चाले. मधुसूदनरावांनी इंजिनाचे प्लग बाहेर काढून उजेडात धरले आणि त्यातला एक किडलेला असल्याचं निदान केलं. देवरावने पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. प्लग बदलले, नळी बदलली, बॅटरी बदलली. गाडीचे सगळे निरोगी अवयव एकेक करून निवृत्त झाले. चहा सुमती देत होती. तो एकदाही बंद पडला नाही.

या सगळ्यात सिंधूताईंचा जीव दुसरीकडेच टांगलेला होता. लेक उत्तरा कळमेश्वरहून पहिल्या बाळंतपणाला आली होती. बाळ आडवं असल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कळा लागल्या की तडक धंतोलीला माझ्या दवाखान्यात या, वाट पाहू नका.

"गिरिधर, कोपऱ्यावरच्या रिक्शावाल्याले सांगून ठेव गा," सिंधूताई म्हणाल्या.

"घरी कॉम्प्युटरवाली गाडी असताना बहीण रिक्शात जाईन? लोक काय म्हणतीन?"

"लोकाईले बाळंत व्हाचं नाही हाये."

"पाहतो," गिरिधर म्हणाला.

कळा सकाळी लागल्या, नेमक्या समितीची बैठक नसताना. गाडी एका फटक्यात सुरू झाली. गिरिधरने आईकडे असं पाहिलं, की जणू बाळंतपण उरकलंच. अजनीच्या पुलावर गाडी ठसकली, धूर सोडून गप्प झाली.

"आई वं!" मागच्या सीटवर उत्तरा ओरडली.

गिरिधर उतरला. बॉनेट उघडलं. शांतपणे क्रमाने जायला हवं, असं त्याने मागे अडकलेल्या ट्रकवाल्यालाही समजावलं. आधी प्लग, मग नळी, मग बॅटरी.

"काय करून राहिला तू? रिक्शा थांबव!"

"आई, मधातच सोडलं त पुन्हा पयल्यापासून पाहा लागते."

सिंधूताई पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. समोरून येणाऱ्या सायकलरिक्शात दोन गठ्ठे कापूस आणि एक गिऱ्हाईक होतं. दोन्ही खाली उतरवले. गिऱ्हाईक काही बोलणार होतं, पण त्याने सिंधूताईंचं तोंड पाहिलं आणि उत्तराला बसवायला हात दिला.

ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. दोघी वाचल्या. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाक्य सोडून दिलं, आणि तेव्हापासून सिंधूताई ते मनातल्या मनात पुरं करत बाकावर बसून होत्या.

गिरिधर दुपारी आला. हाताला काळं, चेहऱ्यावर तेज.

"आई, फॉल्ट सापडला! कव्हरापायी. आत तो उकडून निघे, अन् गाडीच्या लोखंडाले टेकेच ना, म्हणून गरमी बाहेर जायेच ना. कव्हर काढलं त कशी पयाली! म्हटलं नव्हतं? कॉम्प्युटर चांगलाच होता." मग त्याला आठवलं. "उत्तरा कशी हाये?"

सिंधूताई उठल्या, आणि वऱ्हांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या:

"चांगलाच असन गा तो. बहिणीले रिक्शात बसवू नको, असं काही त्यानं सांगतलं नव्हतं. मशीन बिघडली त खोलून पाठवता येते, दुरुस्त होऊन येते. तुले मी कुठी पाठवू?"