भुताळी ठरवण्याआधीची चौकशी

सुसंस्कृत समाजात कुठल्याही बाईला भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरवण्याआधी ती नेमकी कोणत्या प्रकारात मोडते, याची नीट चौकशी व्हायला हवी. किन्हवलीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पाड्यावर पूर्वी अशी चौकशी होत नसे. कोणाची म्हैस आटली की सरळ एखादी म्हातारी धरत. (हे अशास्त्रीय होतं.)

जादूटोण्याविरुद्धचा कायदा आल्यापासून पाडा पुष्कळ सुधारला. 'भुताळी' हा शब्द आता चारचौघांत कोणी काढत नाही, 'तिचा त्रास आहे' म्हणतात. तिला हाकलतही नाहीत, हवापालटाला पाठवतात. हवापालटाला गेलेली एकही बाई आजवर परतलेली नाही, यावरून बाहेरची हवा किती मानवते ते दिसतं.

यंदा अनंताची म्हैस आटली आणि त्रास गुणाबाईचा निघाला. पाड्याची देवदेवस्की बघणाऱ्या बुधू भगताने कौलासाठी तांदूळ टाकून पाहिले. (तांदूळ अनंताच्याच घरचे होते, पण तो निव्वळ सोयीचा भाग.) निकालाला आकडेवारीचाही आधार होता. आजवर त्रास निघालेल्या बायकांपैकी शंभर टक्के विधवा, शंभर टक्के एकट्या राहणाऱ्या, आणि रस्ता डांबरी झाल्यापासून शंभर टक्के रस्त्याला लागून जमीन असलेल्या. गुणाबाईच्या जमिनीला एका अंगाने रस्ता होता, दुसऱ्या अंगाने अनंता. रविवारच्या बैठकीत तिला हवा सुचवायची, एवढंच बाकी होतं.

हे सोनालीच्या कानावर आलं तेव्हा ती रिसॉर्टवर टॉवेलच्या घड्या घालत होती. गुणाबाई तिची सख्खी आत्या. सोनाली शहापूरला खोली घेऊन राही आणि मुरबाडच्या रस्त्यावरल्या या रिसॉर्टवर कामाला जाई. तिथल्या शिबिरांना मुंबईची मंडळी अनवाणी येऊन झाडांना मिठ्या मारत. मुंग्या चावल्या की तोही अनुभव समजत. त्यांच्या गुरू मनस्वी मॅडम स्वतःला राजरोस विच म्हणवून घेत, आणि त्यांना कोणी हवापालटाला पाठवत नसे. त्या हवापालटालाच आलेल्या असत.

आत्याला वाचवायचं तर हाच माणूस, असं सोनालीच्या मनाने घेतलं. मॅडमनी तिला पेगन, विक्का आणि विचक्राफ्ट यांतला फरक इतक्यांदा सांगितला होता की तिने तो शेवटी शेतात नेऊन बसवला. पेगन म्हणजे सगळी शेती. विक्का म्हणजे त्यातलं एक पीक, समजा वाडा कोलम भात. आणि विचक्राफ्ट म्हणजे आवणी, रोपं लावायचं नुसतं हातचं काम, ते कोणीही कोणाच्याही शेतात करावं. आत्या यांतल्या कशातच बसत नाही, एवढं मॅडमच्या तोंडून बैठकीत निघालं की म्हातारी सुटली. हिशेब बिनचूक होता.

रविवारी मॅडमची गाडी पाड्यावर आली. झाड, डोंगर, पाणी, जनावर यांत देव पाहतात ते पेगन, असं त्यांनी सांगितलं. "म्हंजे आमचा वाघोबा," अनंता म्हणाला, आणि आपण बापजाद्यांपासून पेगन आहोत, तेही शिबिराला न जाता, हे कळून दोनचार म्हातारे ताठ बसले.

विक्का हा सत्तर-ऐंशी वर्षांमागे इंग्लंडात पुढे आलेला धर्म, आणि कोणाला इजा न करता हवं ते करा, हा त्याचा नियम. यावर बुधूने व्यावसायिक हरकत घेतली.

"इजाच नाय करायची, तं लोक भगताकडं येतील कशाला?"

मग मॅडम विचक्राफ्टवर आल्या आणि मी स्वतः विच आहे, असं हसत म्हणाल्या. विच म्हणजे भुताळी, हे सोनालीने उलगडून सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पाड्याच्या इतिहासात हा पहिला कबुलीजबाब होता. रीतीप्रमाणे अनंताने मॅडमना म्हशीचं विचारायला हवं होतं. त्याने त्यांच्यासाठी खुर्ची मागवली.

एवढ्यात मॅडमची नजर कोपऱ्यात बसलेल्या गुणाबाईवर गेली. त्या उठल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मी तर शिकून विच झाले," त्या म्हणाल्या. "खरी विच ही आहे."

सोनालीने मॅडमचा कुडता मागून ओढला, पण वाक्य पुढे गेलं होतं.

"ऐकलं ना," बुधू म्हणाला. "मी तांदळात बघितलं तं अडाणी ठरलो. मॅडम शिकलेल्या हायत."

तज्ज्ञांचा अहवाल आल्यावर पाड्याला हवापालटाशिवाय मार्ग उरला नाही. मॅडमना मात्र अस्सल विच हातची जाऊ द्यायची नव्हती, त्यांना शिबिर तिच्याच अंगणात हवं होतं. तेव्हा सगळ्यांच्या भावना राखून तोडगा निघाला. दिवसा गुणाबाई परंपरा, सूर्य मावळल्यावर त्रास. आता ती सोनालीच्या खोलीवर राहते, सकाळच्या एसटीने पाड्यावर येते, स्वतःच्या घरासमोर बसून पाहुण्यांना हात धरू देते आणि सांजच्या एसटीने परत जाते. घरामागच्या तिच्या तुकड्यावर अनंता पाहुण्यांच्या गाड्या लावतो. (जमीन तो फक्त सांभाळतो.) म्हैस अजून आटलेलीच आहे, पण आता तिची कोणाला घाई नाही.

"दिसाची चालते, रातीची नाय चालत," एसटीत गुणाबाई म्हणाली. "माझं घर हाय ना गो ते?"

सोनाली मॅडमना म्हणे फरक सांगायला घेऊन गेली होती, आणि फरक तेवढा मॅडमच्याच वाट्याला आला होता : त्यांना खुर्ची, आत्याला एसटी. तिने आत्याला खिडकीकडे सरकायला सांगितलं.

इथवर वाचून तुम्हाला पाड्याचं हसू आलं असेल, म्हातारीची कीव आली असेल. ती जरा ओसरली की एक बारीक शंकाही डोकावेल : ते सगळं ठीक, पण काहीतरी असल्याशिवाय अख्खा पाडा एकाच बाईचं नाव उगाच घेईल का? लाजू नका. बैठक दर रविवारी असते, आणि तिथे बसलेला प्रत्येक जण पहिल्यांदा एवढंच विचारायला आला होता.