झाकण उघडल्यास अर्धा तास

कुटुंबाने एकत्र जेवावं, यावर जगात कुठेही दुमत नाही. मतभेद असलाच तर तो कुटुंबाने हजर राहावं की नाही, एवढ्यापुरताच आहे.

आयोवातल्या आमच्या गावाने हा प्रश्न स्लो कुकर नावाच्या विजेच्या भांड्याने कायमचा सोडवला. कृती सोपी. सकाळी सातला गोमांसाचा नाहीतर डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा त्यात ठेवायचा, वर मश्रूमच्या सूपचा एक डबा आणि कांद्याच्या सूपची एक पुडी ओतायची, काचेचं झाकण लावायचं आणि घराबाहेर पडायचं. (घराबाहेर पडणं हा कृतीचाच भाग आहे. घरात थांबून केल्यास चव बदलते की नाही, हे कुणी करून पाहिलेलं नाही.) संध्याकाळी पाचला मांस इतकं मऊ होतं की दात नसलेल्यालाही चालावं आणि वेळ नसलेल्यालाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार बीफ. मंगळवार, गुरुवार पोर्क. शनिवार-रविवारी उरलेलं.

या सोयीमुळे प्रत्येक घराचे रोजचे दोन तास वाचले. ते वाया जाऊ नयेत म्हणून गावाने त्यात गायन, कुस्ती, अग्निशमनाचा सराव आणि अकरा समित्या बसवल्या. त्यांतली सर्वांत कार्यक्षम म्हणजे चर्चच्या तळघरातली ‘कौटुंबिक सहभोजन संवर्धन समिती’. ती दर मंगळवारी संध्याकाळी सहाला भरते, कारण ती जेवणाची वेळ असल्याने सगळे मोकळे असतात. मी मूळचा मराठी; या गावात सव्वीस वर्षं आहे आणि समितीचा चिटणीस म्हणून नऊ. आम्ही एक्केचाळीस घरांची पाहणी केली, तेव्हा अडतीस घरांनी ‘रोज एकत्र जेवतो’ असं लिहून दिलं. खोलात गेल्यावर कळलं, की एकत्र म्हणजे एकाच भांड्यातून. आम्ही ते ग्राह्य धरलं.

समितीच्या अध्यक्षा मार्लिस क्नुटसन. बाई अत्यंत शिस्तीच्या. त्यांच्या फ्रिजवर घरातल्या चौघांचं चार रंगांतलं वेळापत्रक आहे आणि त्याखाली समितीने छापलेला नियम: ‘झाकण उघडल्यास शिजण्याची वेळ अर्धा तास वाढते. उघडू नये.’ एप्रिलमध्ये त्यांची आई ल्युएला गेली आणि वडील, ऑर्लिन हाउगन, वय एक्क्याऐंशी, लेकीकडे राहायला आले. वेळापत्रकात पाचवा रंग लागला नाही, कारण म्हाताऱ्याला कुठे जायचंच नव्हतं.

ऑर्लिन पाच वाजता हात धुऊन टेबलाशी बसत. मग एकेक जण येई, उभ्या उभ्या पावात मांस भरून घेई आणि जाई. ऑर्लिन प्रत्येकाला ‘बस की’ म्हणत. प्रत्येक जण ‘उद्या नक्की’ म्हणे. आमच्याकडची माणसं यापुढे काही मागत नाहीत. पायावर ट्रॅक्टर उभा असला, तरी ‘सवडीने काढा’ म्हणतील. शेवटी ऑर्लिन एकटेच जेवत, ताटली धूत आणि पुसून जागेवर ठेवत. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत त्यांच्यासमोर बसून कुणी जेवलेलं नव्हतं. ही आकडेवारी समितीच्या पाहणीत आली नाही, कारण तसा रकाना नव्हता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी जे घडलं, ते चौकशी अहवालाच्या आधारे देतो.

पाच दहाला नात टेगन, वय बारा, गायनाला जाण्यापूर्वी पळी घेऊन भांड्याकडे गेली. ऑर्लिन म्हणाले, “थांब गं. मी आत्ताच झाकण उघडून बघितलं.”

टेगनने नियम वाचला, घड्याळ पाहिलं आणि बसली. पाच वीसला जावई डॅरेल अग्निशमनाच्या सरावाला जाता जाता आले, त्यांना तेच कळलं, तेही बसले. पाच पस्तीसला मार्लिसबाई समितीकडे निघण्यापूर्वी घास खायला आल्या, तेव्हा ऑर्लिन उठले आणि त्यांच्यादेखत झाकण उघडून वाकून पाहिलं.

“बाबा, काय करताय?”

“वाफेने काचेतून दिसत नाही गं नीट.”

“अर्धा तास वाढला ना!”

“वाढला खरा. बस आता.”

सहाला नातू ब्रेक्स्टन कुस्तीहून आला. तोपर्यंत झाकण आणखी एकदा उघडलं गेलं होतं. मांस चार वाजताच शिजलेलं होतं. काचेतून त्याचे धागे सुटलेले दिसत होते आणि वास रस्त्यापर्यंत जात होता. पण नियम छापलेला होता आणि खाली अध्यक्षांची सही होती. त्यामुळे पाचही माणसं साडेसहापर्यंत टेबलाभोवती बसून राहिली. करायला दुसरं काही नसल्याने त्यांच्यात बोलणं सुरू झालं. ब्रेक्स्टनचा आवाज फुटल्याचं डॅरेलना याच वेळी कळलं. टेगनने आजीबद्दल विचारलं आणि ऑर्लिननी बराच वेळ सांगितलं.

इकडे तळघरात अध्यक्षांवाचून सभा अडली होती. सहा चाळीसला मी फोन लावला. ऑर्लिननी उचलला.

“मार्लिस जेवतेय,” ते म्हणाले.

“म्हणजे निघतच असतील?”

“नाही. बसून जेवतेय.” मग म्हणाले, “सगळेच बसलेत.”

मागे कुणीतरी मोठ्याने हसलं. मी फोन ठेवला आणि ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब’ अशी नोंद केली. मला फार बरं वाटलं होतं. इतिवृत्तात त्यासाठी जागा नसते.

पुढच्या मंगळवारी चौकशी झाली. एक गायन, एक अग्निशमन सराव आणि एक समिती सभा बुडाल्याचं सिद्ध झालं. मार्लिसबाईंनी साक्ष दिली, की मांस शिजलेलं त्यांना दिसत होतं. मग उठला का नाहीत, असं विचारल्यावर त्या “नियम होता ना,” एवढंच म्हणाल्या. समितीने हे उत्तर समाधानकारक मानलं. एका व्यक्तीच्या झाकण उघडण्याने चौघांचा खोळंबा होतो, हा दोष भांड्याच्या रचनेत आहे, असं ठरलं आणि उपाय एकमताने मंजूर झाला: प्रत्येक घरात माणशी एक छोटा स्लो कुकर, नावाच्या चिठ्ठीसह. ठरावाचा मसुदा मी लिहिला. लोकांना तो आवडला.

आता क्नुटसनांच्या ओट्यावर पाच छोटी भांडी ओळीने असतात. कुणाचं कुणावाचून अडत नाही. ऑर्लिन पाच वाजता हात धुऊन आपल्या भांड्यासमोर बसतात आणि हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा झाकण उघडतात. त्याने आता कुणाचाच वेळ वाढत नाही.

वाचकांना ही परदेशातली गंमत वाटेल. आपल्याकडे असं भांडं नाही, म्हणून बरंही वाटेल. आपल्याकडे ताट वाढून त्यावर दुसरं ताट झाकतात, ही पद्धत जुनी आहे आणि तिला वीजही लागत नाही. एवढं वाचायला तुम्हाला पाचेक मिनिटं लागली असतील. तेवढ्यात आतून एकदा तरी कुणी ‘जेवायला चला’ म्हणालं असेल आणि मान वर न करता तुम्ही ‘तुम्ही बसा, मी आलोच’ म्हणाला असाल. सावकाश या. झाकून ठेवलंय.