युरोपची वीज आणि आमचे सेतुराव

बाईमाणूस ऑफिसच्या बाथरूममध्ये असताना बाहेरून दिवा घालवणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? मी जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आतून माझा आरडाओरडा चाललेला आणि बाहेरून संथपणे उत्तर आलं, "आत खिडकी आहे ना, बाई? पोदुम."

पोदुम म्हणजे तमिळमध्ये पुरे. हा सेतुरावांचा मंत्र. त्यांना सगळंच पुरे असायचं. दिवे पुरे, पंखा पुरे, लिफ्ट तर नकोच. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, त्यामुळे मराठी आपल्या पणजोबांच्या वेळची आणि हेल तमिळ. दिवा 'बंद कर' असं कधी म्हणाले नाहीत, 'मालव' म्हणायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर आमच्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात कंत्राटावर इंग्रजी तपासायला लागले. मी साताऱ्याची, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीने चेन्नईत येऊन पडलेली. माझं टेबल त्यांच्या शेजारी आलं, हे माझं नशीब.

आता आमचं काम काय, ते ऐका आणि डोक्याला हात लावा. युरोपातल्या देशांनी मिळून ऊर्जा वाचवायचे नियम केले होते. घर विकायचं तर ते किती ऊर्जा खातं याचा दाखला द्या, फ्रीजवर काटकसरी ए पासून उधळ्या जी पर्यंतची पट्टी लावा, जुने बल्ब हळूहळू बाजारातून काढा. तिथल्या एका संस्थेसाठी हे नियम सोप्या इंग्रजीत लिहून द्यायचं कंत्राट आमच्या कंपनीकडे होतं. आणि हे आम्ही लिहायचो कुठे? भर दुपारी पडदे ओढून, डोक्यावर सगळ्या ट्यूब पेटवून, एसीत कुडकुडत. साताऱ्याच्या थंडीत जो स्वेटर मी पेटीबाहेर काढला नाही, तो चेन्नईच्या मे महिन्यात घालून मी 'खोली गरजेपुरतीच थंड ठेवा' असं लिहीत होते. लाज वाटायला हवी होती की नाही? कोणालाच वाटत नव्हती.

सेतुरावांना वाटायची. पण ते नुसते लाजून गप्प बसणारे नव्हते. ते नियम त्यांनी वेदवाक्य मानले होते. आमच्याकडे गणपतीला जेवायला आले आणि नैवेद्याच्या आधी फ्रीज उघडून बसले. मी कढत आमटी आत ठेवली म्हणून माझ्या सासूबाईंसमोर मला बोलले. माणसांनाही ते पट्टी लावायचे. मला सी मिळाला होता. आमच्या मॅनेजरला जी, आणि तोही तोंडावर सांगितलेला.

मॅनेजरने मग त्यांना बोलावून बजावलं. युरोपातल्या त्या संस्थेच्या बाई काम बघायला येताहेत, त्या आठवड्यात एकाही बटणाला हात लावलात तर तुमचं कंत्राट तिथेच संपलं. मी सेतुरावांना हात जोडून सांगितलं, की अहो, चार दिवस दम धरा. निवृत्तीनंतर इंग्रजी तपासायचं काम पुन्हा कोण देणार तुम्हाला? त्यांनी मान हलवली. तमिळ माणसासारखी हलवली, म्हणजे हो की नाही ते देवाला ठाऊक.

बाई आल्या. मॅनेजरने काय करावं? थंड देशातून आल्यात, त्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून मीटिंगच्या खोलीतला एसी होता तोही आणखी खाली आणला. बाई बिचाऱ्या चेन्नईचं ऊन ऐकून पातळ झगा घालून आलेल्या. इमारतींतली उधळपट्टी कशी थांबवायची यावर बोलायला उभ्या राहिल्या आणि शिंकायला लागल्या. बोलणं कमी, शिंका जास्त. आम्ही सगळे स्वेटरात हात खुपसून माना डोलावतोय. सेतुराव उठले. पडदा सरकवला, एसी बंद केला, सगळे दिवे मालवले आणि जागेवर येऊन बसले.

मॅनेजर घाईघाईने म्हणाला, सॉरी, पॉवर कट. बाईंनी सहानुभूतीने मान हलवली. तेवढ्यावर भागलं असतं हो! पण नाही. सेतुराव पुन्हा उभे राहिले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "नो मॅडम, करंट इज देअर. आय ओन्ली पुट इट ऑफ."

संध्याकाळी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मला नुसता संताप आला. मॅनेजरचा आलाच, पण सेतुरावांचाही आला. हरिश्चंद्राचा अवतार लागून गेलात की काय? एक सॉरी म्हटलं असतं तर मॅनेजर पाघळला असता. तेच सांगायला मी रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले, तर स्वारी पायात चपला सरकवत होती. एन्नोरला थोरल्या बहिणीकडे निघालोय, बोलायचं ते गाडीत बोला म्हणाले. मी गेले. वाटभर एकटीच बोलले.

अक्कांचं घर कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरांड्यांखालीच म्हणा ना. म्हातारी विधवा, मूलबाळ नाही, बोलताना धाप लागते. गच्चीवर तांदळाचे वडाम, म्हणजे आपल्या कुरडयांसारखं वाळवण, वाळत घातले होते, वरून जुनं लुगडं झाकलेलं. तरी प्रत्येक वडामावर करडी राख. अक्का ती पदराने टिपत होत्या. भावाला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"सेतु, या आठवड्यात राख थोडकी पडली रे," त्या म्हणाल्या. "आफिसात बहुत मालवलंस काय?"

"हो अक्का, बहुत मालवलं."

अक्कांनी मला वडाम बांधून दिले, मी नको म्हणू शकले नाही.

परतीच्या गाडीची वाट बघताना मात्र मला राहवेना. मी चिडून विचारलं, अहो, आमचे चार दिवे मालवून वीजकेंद्राची राख कमी होते होय?

"मजला काय ठाऊक नाही?" सेतुराव म्हणाले. "ती घर सोडून यावयाची नाही. खोकून खोकून रात्र काढते. एकदा बोलून गेलो, आम्ही तिकडे मालवलं की तुझ्याकडे राख कमी. तेव्हापासून दर रविवारी विचारते. मी मालवूनच जातो, म्हणून हो म्हणता येतं."

गाडी दिसू लागली. ते उठले, पण पुढे सरकले नाहीत. इतक्या दिवसांत त्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"बाई, आता तिथं तुम्हीच आहात," ते म्हणाले. "एखादा तरी मालवाल काय? पुढल्या रविवारी ती विचारेल."