पान बघून मूळ सांगणारे दामूअण्णा

दामूअण्णा घरी आले की आधी अंगणातलं एखादं पान उन्हासमोर धरत आणि मगच चहाला हो म्हणत. "शिरांची जाळी आहे भिया, म्हणजे खाली सोटमूळ. एकच, खोल गेलेलं. शिरा समांतर असत्या, तर खाली बारीक मुळांचा झुबका. खणून बघायचं कामच काय?"

आम्ही इंदूरला बडा गणपतीजवळ शेजारी आणि सरकारी कचेरीत शेजारच्याच टेबलांवर. मध्यभारत राज्याची राजधानी तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दरसाल कचेरी फायलींसकट उठायची आणि आम्ही बायकापोरांसकट तिच्यामागे. दामूअण्णांच्या सामानात तुपाच्या डब्यात लावलेला गवती चहा हमखास असे. "हा झुबकेवाला, कहीं भी लग जाता है," म्हणत ते डबा मांडीवर घेऊन बसत.

एकदा साहेबांच्या बंगल्यावर त्यांनी पपईच्या रोपाचं पान बघून सोटमूळ असल्याचं जाहीर केलं. साहेब म्हणाले, झुबका. दोघंही हट्टाला पेटले. शेवटी माळ्याने रोप उपटलं, तर चांगलं वीतभर सोटमूळ. अण्णा जिंकले, रोप मेलं आणि साहेब महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मला तर कचेरीत हसू आवरेना.

पुढे अण्णांना बढती आली, हेडक्लार्कची, पण कायमची ग्वाल्हेरला. त्यांनी चक्क नकार लिहून दिला. मी तणतणतच त्यांच्या घरी गेलो.

"अण्णा, या इथल्या अंगणातल्या झाडांपायी हातची बढती सोडली?"

"झाडं कसली यार!" त्यांनी मला खिडकीशी ओढलं. बाहेर ओट्यावर वहिनी तीन शेजारणींबरोबर तांदूळ निवडत होत्या. कशावर तरी चौघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या.

"ग्वाल्हेरला ही चार-चार दिवस उंबरा ओलांडत नाही," अण्णा हळूच म्हणाले. "विचारलं तर म्हणते, मजेत आहे. पण तिकडे ही अशी हसलेली मी एकदाही ऐकली नाही. चार हिवाळे झाले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. या माणसाला आपण नुसता झाडवेडा समजत होतो, याची लाज वाटली.

मी निघालो तसा त्यांनी माझा दंड धरला. "तिच्यासमोर बढतीचं नाव तोंडातून काढू नको हां. लगेच सामान बांधायला घेईल."