कुकरवरची प्रार्थना

शांतवनकाकांची सकाळची प्रार्थना कुकरवर चालते. तुरीची डाळ धुऊन कुकर गॅसवर चढवायचा, शेजारी स्टुलावर बसायचं आणि डोळे मिटायचे. शिट्ट्या होईपर्यंत उठायचं नाही. घड्याळ लावलं तर एक डोळा घड्याळाकडेच जातो, असं त्यांचं म्हणणं. "कुकर कसा, आपणहून बोलावतो." एखाद्या दिवशी बोलणं रंगलं की शिट्ट्या ऐकूच येत नाहीत. मग जिन्यात करपट वास पसरतो, आणि दुपारी भेटले की काका समाधानाने सांगतात, "आज डाळ पार जळाली. फार छान झाली प्रार्थना."

नारायणगुड्यात आम्ही एकाच मजल्यावर राहतो. दोघेही मराठी ख्रिस्ती. काका मूळचे जालन्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे. हैदराबादेत इतकी वर्षं काढल्यावर त्यांच्या मराठीत बरीच दखनी मुरली आहे, आणि देवाशीही ते तीच बोलतात. आमच्या स्वयंपाकघरांची भिंत एकच, त्यामुळे मला ऐकू येतं. "प्रभू, तळमजल्यावाल्याने पुन्हा माझ्या जागेवर स्कूटर लावली. मी काही बोललो नाही. तू बघतोयस ना? हौ, मग बघ."

माझी नोकरी लायब्ररीतली. प्रार्थनेवरची पुस्तकं माझ्याकडे फळीभर आहेत. सुनंदा, माझी पत्नी, आजारी होती तोवर मी रोज तिच्या उशाशी बसून प्रार्थना करत असे. तिला बरं कर, एवढंच मागणं. बाकीचे शब्द त्याच्या आजूबाजूला. ती गेली, आणि त्या मागण्याला जागाच उरली नाही. आम्हा प्रोटेस्टंटांत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. गेलेलं माणूस प्रभूच्या हवाली झालेलं असतं. काका याबाबतीत फार कडक. चर्चमध्ये एका बाईंनी आपल्या गेलेल्या नवऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं, तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "नक्को बाई. ती फाइल वर पोचली."

मी प्रार्थना सोडून दिली. भिंतीपलीकडे ते कळलं असावं. एका सकाळी दार वाजलं.

"लायब्ररीवाले, तुमचा आवाज बंद आहे."

"जमत नाही, काका."

"इतकी पुस्तकं वाचली ना?"

"वाचली."

"पोहण्यावर वाचली असती तर मुसी नदीत उडी मारली असती का? चला. रोज माझ्याकडे यायचं. येताना राजमा आणा, भिजवलेला. तुमचं प्रकरण डाळीत आटपणारं नाही."

तेव्हापासून मी वाडग्यात भिजलेला राजमा घेऊन त्यांच्याकडे जातो. काका बोलायचे, मी ऐकायचो. माझ्यादेखत माझ्याच तक्रारी व्हायच्या. "याला एकदा न्हाव्याकडे पाठव, प्रभू. माझं ऐकत नाही." मी तोंड उघडत नव्हतो. उघडलं असतं तर पहिलं 'तिला बरं कर' हेच आलं असतं, आणि ते मागायची सोय नव्हती.

गेल्या आठवड्यात काकांचा घसा बसला होता. प्रार्थना पुटपुटत चालली होती. शेजारी, पास्टर, सरकार, सगळे झाले. मग ते आणखी हळू झाले.

"आणि जोएलचा ताप, प्रभू. तेवढा उतरव. झोप नाही पोराला."

जोएल त्यांचा एकुलता एक मुलगा. कॉलेजात असताना डेंग्यूने गेला. मी या बिल्डिंगमध्ये राहायला येण्याच्याही आधी.

मी डोळे उघडले. काकांचे मिटलेलेच होते.

"आजाऱ्यासाठी मागतोय," ते तसेच म्हणाले. "त्याला मनाई नाही."

राजमा शिजत होता.

"तुमच्याकडे कोणी आजारी असेल तर तुम्हीही सांगा," काका म्हणाले.

मी डोळे मिटले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"सुनंदाला धाप लागते, प्रभू. उशी उंच करून दिली आहे. पाणी चमच्याने पाजतो आहे."

"हौ," काका हलकेच म्हणाले. "नीट सांगा त्याला. कुठल्या कुशीवर बरं वाटतं तिला?"

"डाव्या," मी म्हणालो.